वीट सोडून

सुकलाल आप्पाने काडीने मातीत रेघ ओढली
आणि म्हणाला, भिंत इथून तिथवर,
पण एक वीट ठेवायची, एक सोडायची.

साक्रीपासून पिंपळनेरपर्यंत झिपरू गवंड्याचं नाव होतं.
त्याने बांधलेल्या घरात मुंगीसुद्धा दारातून यायची.
भोक बुजवणं हीच आबाची जन्माची कमाई.
त्याने ओळंबा परत पिशवीत टाकला.
"घर शे का चाळणी शे, आप्पा?"
"वारानं घर शे, झिपरू. मानूसनं नही."

मी दहाची होते, विटा भिजवून द्यायची.
पहिल्या दिवशी आठ थर झाले
आणि संध्याकाळी त्या सोडलेल्या जागांकडे
आबाला धड बघवेना,
उघड्यावर आंघोळ करताना कुणी पाहिलं असावं तसा
पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवशी विडी न पेटवता
वावराच्या मधोमध उभा राहिला,
धोतराचा सोगा सोडून,
तो कुठे झुलतो ते बघत. बराच वेळ.
मग रचलेलं सगळं उतरवलं
आणि भिंतीचं तोंड चार बोटं पश्चिमेला वळवलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
आप्पाने मजुरीतला एक दिवस कापला.

माघ सरता सरता घड आले.
तेलाच्या पाण्यात बुडवून काढलेले, निसरडे,
जाळीवर पसरले, जाळीवर जाळी, नऊ.
आई, हिरकणबाई, कोकणी पाड्यावरच्या तिघी,
आणि हात पुरत नाही तिथे मी, डब्यावर उभी.
उन्हात वाळला तर काळा पडतो,
सावलीत वाळला तर हिरवा राहतो.
उन्ह विटेच्या जाडीइतकंच आत यायचं
आणि रुसलेल्या व्याह्यासारखं
उंबऱ्यावर थांबायचं.

रात्री राखणीला आबा आणि मी.
वारा येताना ऐकू यायचा नाही,
जाताना यायचा. जड पावलाचा.
चार मण आत गेले की एक मण बाहेर यायचा.
"तीन मन कथा गयं, आबा?"
त्याने अंधारात धुळ्याच्या बाजूला बोट केलं.
तिकडे कुठल्या तरी अंगणात
रात्री दोरीवर विसरलेलं लुगडं
सकाळी उगाच ओलं लागलं असेल,
बाई म्हणाली असेल, दव पडलं.

आता लोखंडी अँगल आहेत, हिरवी नेट,
वर ओढायला प्लास्टिकचा कागद.
गारा आल्या की दोन माणसांत काम होतं,
वाईट कशाला म्हणू?
मीही तिथेच देठं खुडते, रोजाने.
विटांच्या घरात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी,
फुटका पंप, एक खुडूक कोंबडी.
वारा मात्र माघात येतो अजून,
नळ्यांमधून फिरतो
आणि हलकाच परत जातो.

शेवटी आबा खाटेवर होता,
स्वतः बांधलेल्या घरात,
फट नाही, चीर नाही.
एका दुपारी म्हणाला, छिन्नी आन.
कोणती वीट?
"एक ठेव, एक सोड."
भाऊ ओरडला, साप येईल. मी सात काढल्या.
आधी शेजारच्या चुलीचा धूर आला,
मग गोठा,
मग नुसतं काहीतरी कोरडं, लांबचं.
आबाने भोकासमोर हात धरला,
डोळे मिटून, जरासा तिरका करून.
"चार बोट चुकनं, माय," म्हणाला.

त्या सात विटा मी न्हाणीत
हंड्याखाली मांडल्या आहेत.
भाऊ म्हणतो, बुजवून टाकू.
मी म्हणते, गवंडी आण.
तो कुणाला आणणार?